व्हिसापुरते लग्न असे काही नसते

परदेशी नोकरीचे पत्र हातात आले आहे, जोडीदाराला सोबत न्यायचे आहे, आणि लग्न अजून झालेले नाही. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांत आणि रोलिंग मिलमध्ये हात बसलेल्या तरुण इंजिनिअरपुढे हा प्रश्न उभा राहिला, की रायपूरच्या मराठी घरांतून एकच उत्तर येते: "आधी रजिस्टर लग्न उरकून घ्या. खरे लग्न मुहूर्त पाहून नंतर करू." तात्यापाऱ्यातल्या आजीपासून व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या एजंटापर्यंत सगळ्यांचे यावर एकमत असते. मुला-मुलीलाही ते पटते, कारण त्यात घरच्यांची संमती मिळते आणि जाण्याची तारीखही गाठता येते.

या पूर्वपक्षात तीन विधाने गुंफलेली आहेत. पहिले, लग्नाचा दाखला नसेल तर जोडीदाराला कोणताच देश घेत नाही. दुसरे, दाखला असला की काम झालेच. तिसरे, हे लग्न कागदापुरते असते आणि बिनसले तर तो कागद रद्द करता येतो. पहिले विधान अर्धवट खरे आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसरे धोक्याचे आहे, हे मला इथे दाखवायचे आहे.

आधी पूर्वपक्षाच्या पदरात त्याचे माप टाकू. हा सल्ला देणाऱ्या पिढीची परदेशाशी ओळख झाली ती मुख्यतः अमेरिकेच्या एच-१बी व्हिसातून. त्या व्हिसाला जोडून मिळणारा एच-४ व्हिसा फक्त कायदेशीर पती-पत्नीला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना मिळतो. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला बी-२ हा पाहुण्याचा व्हिसा मागता येतो आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेत तशी सोयही आहे. पण त्यावर नोकरी करता येत नाही आणि मुक्कामाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते. जर्मनीतही अविवाहित जोडीदारासाठी कुटुंबाचा व्हिसा नाही. ड्युसबुर्गच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागलेल्या भारतीयाला जोडीदार न्यायचा असेल तर लग्न झालेले हवे, किंवा तिथे जाऊन लग्न करण्यासाठीचा वेगळा व्हिसा हवा. आखातातही तेच. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२० मध्ये लग्नाविना एकत्र राहणे गुन्ह्यांच्या यादीतून काढले, तरी जोडीदाराला निवासी परवान्यावर बोलावताना साक्षांकित विवाह दाखला लागतोच. ओमानमधल्या सोहारला, जिथे जिंदल समूहाचा पोलाद कारखाना आहे, जाणाऱ्यालाही हेच गृहीत धरून चालावे लागते. या वाटांपुरता वडीलधाऱ्यांचा सल्ला बरोबर आहे.

चूक होते ती हा अनुभव साऱ्या जगाला लावताना. पोलाद जाणणाऱ्या माणसाला बोलावणारी गावे आणखीही आहेत आणि तिथले कायदे वेगळे आहेत. वेल्समधले पोर्ट टालबोट घ्या. टाटा स्टीलने तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली आणि तिच्या जागी विद्युत भट्टीचे काम हाती घेतले. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर जाणाऱ्याच्या जोडीदारात पती-पत्नीबरोबर अविवाहित जोडीदारही येतो. पूर्वी अट होती दोन वर्षे एका छताखाली राहिल्याची. ३१ जानेवारी २०२४ पासून ही अट सैल झाली. आता दाखवायचे असते ते असे, की नाते किमान दोन वर्षांचे आहे, चालू आहे आणि लग्नासारख्याच बांधिलकीचे आहे. एकत्र राहणे हा त्याचा एक पुरावा झाला. नियमित संपर्क, एकमेकांना दिलेला आर्थिक आधार, एकत्र केलेले प्रवास हेही पुरावे धरले जातात. मुलगा सिलतऱ्यात, मुलगी नागपुरात, आणि घरच्या रीतीमुळे लग्नाआधी एकत्र राहता आले नाही, अशा जोडीला हा बदल फार मोलाचा आहे. तरीही आपल्याकडचे बहुतेक सल्लागार अजून जुन्याच अटीवर बोलतात.

नेदरलँड्समध्ये आयमाउडनला टाटांचाच मोठा कारखाना आहे. तिथे उच्चकुशल कर्मचारी म्हणून गेलेल्या माणसाला अविवाहित जोडीदार नेता येतो. नाते टिकाऊ आणि एकनिष्ठ असल्याचे दोघांनी लिहून द्यायचे आणि अविवाहित असल्याचा दाखला अपोस्टिल (परदेशी वापरासाठीचे प्रमाणीकरण) करून जोडायचा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात असल्याने हे काम परराष्ट्र मंत्रालयामार्फत होते. अशा जोडीदाराला तिथे वेगळा परवाना न काढता नोकरीही करता येते.

कॅनडात हॅमिल्टन हे पोलादाचे शहर. कॅनडाच्या कायद्यात सलग किमान एक वर्ष पती-पत्नीसारखे एकत्र राहिलेली जोडी 'कॉमन-लॉ' जोडीदार ठरते आणि कामाच्या परवान्याच्या बाबतीत तिला विवाहितांच्या रांगेत बसवले जाते. ऑस्ट्रेलियात 'डी फॅक्टो' जोडीदाराला मान्यता आहे. नात्याची पारख तिथे चार अंगांनी होते: पैशाचे व्यवहार, घराची व्यवस्था, समाजातली ओळख आणि परस्परांची बांधिलकी. जोडीदाराच्या व्हिसासाठी साधारण १२ महिन्यांचे नाते मागतात, पण एखाद्या राज्यात नात्याची नोंदणी केलेली असेल तर ही मुदत आड येत नाही. न्यूझीलंडला खरे आणि स्थिर नाते व एकत्र राहणे हवे असते. नॉर्वे आणि फिनलंड दोन वर्षांचे सहजीवन मागतात. सिंगापूरने तर भेद नेमका आखून ठेवला आहे: महिना किमान ६,००० सिंगापूर डॉलर पगार असलेल्याच्या पती-पत्नीला डिपेंडंट पास, आणि अविवाहित जोडीदाराला दीर्घ मुक्कामाचा वेगळा पास. 'कोणताच देश घेत नाही' हे विधान इथे कोसळते.

आता दुसरे विधान, दाखला असला की काम झाले. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना कुटुंब आणण्यास बंदी केली. त्यांच्यापैकी कितीही जण विधिवत विवाहित असोत, दाखल्याचा तिथे उपयोग नाही. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पदवीच्या पातळीची नोकरी ही मुख्य अट झाली, वर्षाला ४१,७०० पौंड हा सर्वसाधारण पगाराचा उंबरठा ठरला, आणि पदवीखालच्या पातळीच्या ज्या थोड्या नोकऱ्या तात्पुरत्या यादीत राहिल्या त्यांवर नव्याने येणाऱ्यांना जोडीदार नेता येत नाही. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा खुला कामाचा परवाना आकसला. वरच्या दर्जाच्या व्यवस्थापकीय व तांत्रिक नोकऱ्या, आणि खालच्या दर्जांतले निवडक व्यवसाय, एवढ्यांच्याच जोडीदारांना तो मिळतो. शिवाय मुख्य परवान्याची किमान १६ महिने मुदत शिल्लक हवी. हा नियम विवाहितांना आणि कॉमन-लॉ जोडीदारांना सारखाच लागू आहे. म्हणजे भट्टीवरच्या ऑपरेटरची नोकरी त्या यादीत बसते की नाही, हा प्रश्न सप्तपदी झाली की नाही याच्या आधी विचारायला हवा.

अमेरिकेतही, जिथे लग्न अटळ आहे, एच-४ मिळाला म्हणून नोकरी मिळते असे नाही. एच-१बी धारकाची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्याला पोचली तरच एच-४ वरच्या पती-पत्नीला कामाची परवानगी मागता येते, आणि ही सोयही मे २०१५ मध्ये सुरू झाली. व्हिसासाठी घाईने लग्न करून गेलेल्या कितीतरी शिकलेल्या मराठी मुलींनी वर्षानुवर्षे पदवी बाजूला ठेवून घर सांभाळले आहे. त्यांना निघण्याआधी कोणी हा नियम समजावून सांगितला होता का, हा प्रश्न सल्ला देणाऱ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

तिसरे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. 'रजिस्टर लग्न उरकून घ्या' म्हणणाऱ्यांना ते कसे होते हे बहुधा ठाऊक नसते. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कचेरीत सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते. त्या कागदावर वधू-वरांची नावे, वय, व्यवसाय, पत्ता सगळे असते आणि येणारा-जाणारा कोणीही ते वाचू शकतो. पुढचे ३० दिवस कोणालाही आक्षेप घेता येतो. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. नोकरीवर रुजू होण्याची तारीख तीन आठवड्यांवर असेल तर हे गणित बसत नाही. मग आडवाट शोधली जाते. कुठल्याशा संस्थेकडून 'विवाह संपन्न झाला' असे प्रमाणपत्र घ्यायचे, त्यावर हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करायची आणि तो दाखला व्हिसाच्या अर्जाला जोडायचा.

या आडवाटेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२४ रोजी बोट ठेवले. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यापुढे आलेली जोडी प्रशिक्षित वैमानिकांची होती. त्यांचा साखरपुडा झाला होता, एका समितीचे प्रमाणपत्र होते, सरकारी नोंदणीही होती. विधी मात्र कोणताच झाला नव्हता. तो पुढच्या तारखेला ठरला होता, आणि त्याआधीच बिनसले. न्यायालयाने सांगितले, की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रूढीचे विधी झाल्याशिवाय लग्न होत नाही. कलम ८ ची नोंदणी ही झालेल्या लग्नाचा पुरावा असते. न झालेले लग्न नोंदणीने होत नाही. संस्थेचे प्रमाणपत्र, नोंदणी आणि लग्न तिन्ही निरर्थक ठरवण्यात आले. त्याच निकालात न्यायालयाने नेमकी आपल्या चर्चेतली प्रथा उचलली: परदेशी नोकरी करणाऱ्या मुला-मुलीला व्हिसाचा अर्ज करता यावा म्हणून वेळ वाचवण्यासाठी आई-वडील आधी नोंदणी करून घेतात आणि विधी मागे ठेवतात, या प्रथेचा न्यायालयाने निषेध केला.

याचा अर्थ असा, की विधीविना हिंदू विवाह कायद्याखाली केलेली 'रजिस्टर' ही लग्नच नसते. तिच्या जोरावर वकिलातीत 'आम्ही विवाहित आहोत' असे लिहून देणे म्हणजे खोटे विधान करणे. इथे कोणी विचारेल, की बौद्ध किंवा सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांचे काय? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुरोहिताविना लग्ने लावायला सुरुवात केली, तिथेही वधू-वरांनी लोकांसमोर एकमेकांना दिलेले वचन होतेच. कायदा कोणत्या रीतीने लग्न केले यावर अडत नाही, रीत पार पडली की नाही एवढे पाहतो.

याच्या उलट, विशेष विवाह कायद्याखालचे लग्न सहीबरोबर पूर्ण होते. त्यात 'खरे लग्न नंतर' असे काही उरत नाही. त्या क्षणापासून दोघे एकमेकांचे वारस, पोटगीचे हक्कदार आणि जबाबदार असतात. दुसरे लग्न केले तर गुन्हा होतो. वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज, अपवाद सोडता, दाखल करता येत नाही. परस्पर संमतीने वेगळे व्हायचे तरी वर्षभराचा दुरावा आणि त्यावर साधारण सहा महिन्यांची वाट लागते. व्हिसा नाकारला गेला, नोकरी गेली किंवा मने फिरली, यांतले एकही कारण ते लग्न आपोआप मोडत नाही. पुढे आयुष्यभर ज्या व्हिसा अर्जात 'पूर्वी विवाह झाला होता का' असा रकाना असेल, तिथे 'हो' लिहावे लागते.

लग्नाचे बंधन औपचारिक नसते, हे मराठी समाजाला सांगायला नको. दादाजी भिकाजी या नवऱ्याने रखमाबाईविरुद्ध केलेला खटला १८८४ मध्ये उभा राहिला. अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नाला तिची संमती नव्हती. १८८५ मध्ये न्या. पिनी यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले, आणि १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, तेव्हा कुठे ती १८८९ मध्ये लंडनला वैद्यकीचे शिक्षण घ्यायला जाऊ शकली. इतरांच्या सोयीने लावलेले लग्न सोडवायला एका बुद्धिमान बाईची चार वर्षे गेली. कायदे तेव्हापासून बदलले, पण लग्न ही सोय म्हणून वापरू नये हा धडा बदललेला नाही.

शिवाय 'आधी लग्न करा' हा सल्ला ज्यांना पाळताच येत नाही अशीही माणसे आपल्यात आहेत. समलिंगी जोड्यांना भारतात विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. ज्यांचा घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षे कौटुंबिक न्यायालयात अडकला आहे, त्यांना दुसरे लग्न करता येत नाही. पण पहिले नाते खरोखर संपलेले असेल तर ब्रिटन आणि कॅनडा नव्या जोडीदाराला मोजू शकतात. या माणसांसाठी अविवाहित जोडीदाराचा मार्ग हाच मार्ग आहे, आणि तो त्यांच्यापासून लपवणे हा अन्याय आहे.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, लग्नाविना एकत्र राहणे आपल्या संस्कृतीला मान्य नाही, आणि छत्तीसगड उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये अपत्याच्या ताब्याच्या एका प्रकरणात अशा नात्याला कलंक म्हटले आहे. हा आक्षेप मी टाळत नाही. पण तो निकाल एकत्र राहणे गुन्हा ठरवत नाही. सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेने एकत्र राहणे गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या लता सिंग प्रकरणापासून आणि २०१० च्या खुशबू प्रकरणातही स्पष्ट केले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर 'विवाहसदृश नात्या'तल्या स्त्रीला संरक्षणही देतो. ज्यांना लग्नाआधी एकत्र राहायचे नाही त्यांनी राहू नये. त्यांच्यासाठीच ब्रिटनने बदललेला नियम आहे. खोटा दाखला दाखवणे मात्र कोणत्याच संस्कृतीत बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे: दाखला एका पानाचा असतो, नात्याचा पुरावा कुठून आणायचा? कंपनीचे फॅमिली क्वार्टर अविवाहितांना मिळत नाही. बाहेर घर घेतले तर घरमालक करारावर एकाचेच नाव लिहितो आणि वीजबिल त्याच्या स्वतःच्या नावावर राहते. अडचण खरी आहे, पण उपाय हातात आहे. आपल्याकडे भाडेकरार ११ महिन्यांचा करण्याची रीत आहे. कॅनडाला हवे असतात सलग १२ महिने. म्हणजे एक करार कधीच पुरत नाही; दुसरा करार पहिला संपतो त्याच दिवसापासून आणि दोघांच्या नावाने व्हावा लागतो. घरमालक ठाण्यात भाडेकरूची माहिती देतो, त्या फॉर्मवर दोघांची नावे असली तर तो सरकारी शिक्का असलेला पुरावा होतो. आधारचा पत्ता, संयुक्त बँक खात्याचे पासबुक, विम्यातले नॉमिनेशन, गॅस एजन्सीच्या पावत्या, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, रायपूर-नागपूर प्रवासाची तिकिटे, दोन्हीकडच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, हे सगळे महिन्यावारी लावून ठेवावे. असा गठ्ठा घाईच्या दाखल्यापेक्षा जास्त वजनाचा ठरतो, कारण लग्नाचा दाखला दाखवणाऱ्यालाही अधिकारी शेवटी हेच विचारतो: नाते खरे आहे का?

याच्याच दुसऱ्या टोकाची एक चूक होते आणि ती सर्वांत महाग पडते. जोडी पुण्यात किंवा रायपुरात सव्वा वर्ष एकत्र राहिलेली असते, पण 'भानगड नको' म्हणून कॅनडाच्या अर्जात 'अविवाहित, एकटा' यावर खूण केली जाते. कॅनडाच्या कायद्याने ती जोडी तोवर कॉमन-लॉ झालेली असते. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे दार बंद. कायम निवासाच्या अर्जात वगळलेला जोडीदार पुढे बोलावणेही फार अवघड होते. सावधगिरी म्हणून केलेले मौन इथे गुन्ह्याच्या रांगेत जाते.

मग करावे काय? पहिले, नोकरीचे पत्र आल्याबरोबर देश आणि नोकरीचा दर्जा पाहावा, आणि त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम वाचावा. एजंटाची आठवण हा आधार धरू नये. दुसरे, जोडीदाराला स्वतःच्या शिक्षणावर, स्वतःच्या नोकरीवर परवाना मिळू शकतो का, हे आधी तपासावे. जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलेले, नोकरी शोधण्यासाठीचे संधी-कार्ड अशांसाठीच आहे. स्वतःच्या परवान्यावर गेलेल्या माणसाला नाते टिकवण्याची सक्ती नसते आणि म्हणूनच ते टिकण्याची शक्यता वाढते. तिसरे, हा मार्ग नसेल आणि तो देश अविवाहित जोडीदार मानत असेल, तर पुराव्याची मांडणी त्याच आठवड्यात सुरू करावी. साखरपुडा झाला असेल तर तोही त्यात एक पुरावा आहे. पण तो स्वतःहून कोणताही दर्जा देत नाही, हे लक्षात असू द्यावे. चौथे, देश लग्नच मागत असेल, तर लग्न करावे, पण ते पूर्ण करावे: विधीने करा किंवा विशेष विवाह कायद्याने करा, ३० दिवस आधी मोजून ठेवा, आणि त्या दिवसापासून स्वतःला विवाहित समजा. परदेशी पोचूनही हे करता येते. १९६९ च्या परकीय विवाह कायद्याप्रमाणे, एक पक्ष भारतीय असला तर, भारतीय दूतावासात नोटीस देऊन लग्न लावता येते.

वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नाही. मुलगी परक्या देशात निराधार राहू नये, ही त्यांची काळजी योग्य आहे. पण त्या काळजीचे उत्तर घाईची सही नाही. तिच्या हातात स्वतःचा परवाना, स्वतःचे बँक खाते आणि स्वतःच्या नावाची कागदपत्रे असणे हे त्याचे उत्तर आहे. लग्न करायचे की नाही, कधी करायचे, हे दोघांनी आपल्या नात्याकडे पाहून ठरवावे. व्हिसा कोणता मागायचा हे त्या देशाचा नियम पाहून ठरवावे. या दोन निर्णयांची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितल्यानंतर तरी आपल्या घरांनी ती थांबवली पाहिजे.